दाखल्यावरचं गाव

देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये हरियाणातलं झज्जर आणि आपल्या अमरावतीला सुरू झाली. प्रवेश सहावीला, परीक्षा एकदाच देता येणार. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. ग्रामीण म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत शिकलेला. माझ्या दाखल्यावर मामाचं गाव होतं. हजेरी तिथे लागायची, मी मात्र शहरात शिकवणीला. हे वसतिगृहात कुणाजवळ बोलले नाही, आज लिहितेय. त्याच वर्षी परीक्षेला बसलेली मामेबहीण यादीत आली नाही. गणितात ती माझ्यापेक्षा पक्की होती. परवा तिला मेळाव्याचं सांगितलं, तर म्हणाली, "फोटो पाठव गं."