असीरगड, शिकेकाई आणि शॅम्पू

असीरगडाची वाट चढणाऱ्यास गावकरी अश्वत्थाम्याची कथा हमखास सांगतात. मस्तकीचा मणी गेला, जखम मात्र भरली नाही. म्हणून तो चिरंजीव गडाच्या परिसरात भटकतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल नि हळद मागतो. कथेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी मस्तकाला प्रथम तेल हवे ही लोकांची जुनी समजूत तीत उमटली आहे. शॅम्पू सोडून शिकेकाईकडे वळणारे आज अनेक आहेत; त्यांच्या या पालटास येथला इतिहास चांगली पार्श्वभूमी पुरवितो.

१६०१ च्या जानेवारीत हा गड अकबराच्या हाती आला. त्या मोहिमेत अबुल फजल जातीने होता. त्याच्या ‘आइने अकबरी’त सुगंधी द्रव्यांबरोबर उटण्याची आणि ‘घसूल’ नावाच्या द्रवरूप साबणाची कृती तोळ्यामाशांनिशी दिलेली आहे. चंदन, कस्तुरी, कापूर, गुलाबपाणी! ही अर्थात दरबारी चैन झाली.

रयतेचे भागे रिठ्याशिकेकाईवर, आणि त्यामागे पाण्याचे कारण होते. गडापासून पाचसहा कोसांवर असलेल्या बऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानान याच्या अमदानीत, १६१५ मध्ये, सातपुड्याचे पाझर भुयारांतून शहराकडे नेणारा कुंडीभंडारा बांधला गेला. त्याच्या भिंतींवर चुन्याची पुटे चढलेली दिसतात. अशा दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होत नाही. चुन्याशी संयोग होऊन चिकट साका बनतो आणि तो केसांना धरून बसतो. शॅम्पू टाकून साबणाची वडी हाती घेणाऱ्याची फसगत होते ती येथेच. रिठ्याच्या सालीतील नि शिकेकाईच्या शेंगेतील सॅपोनिन चुन्याला जुमानीत नाही. मात्र जे नैसर्गिक ते निर्धोक, हा हिशेब भाबडा होय. रिठा डोळ्यांत गेला तर आग होते, आणि रोज वापरला तर केस राठ होतात. म्हणूनच न्हाण्याआधी तेल.

१८१९ च्या एप्रिलात शिंद्यांच्या किल्लेदाराकडून असीरगड इंग्रजांनी घेतला. त्याच सुमारास कंपनीच्या फौजेत पूर्वी चाकरी केलेला पाटण्याचा दीन महंमद इंग्लंडात ब्रायटन येथे वाफारा देऊन लोकांची अंगे चेपीत होता. या चेपण्यालाच तो ‘शॅम्पू’ म्हणे. मूळ हिंदी शब्द चाँपना. १८२२ मध्ये त्याने त्यावर पुस्तकही काढले. पुढे शब्दाचा अर्थ सरकत सरकत केस धुण्यावर आला. १९०३ मध्ये बर्लिनच्या श्वार्झकोफने शॅम्पूची पूड विकावयास काढली, आणि १९३४ मध्ये अमेरिकेत साबणाविना फेसणारा शॅम्पू निघाला. दुष्फेन पाण्याची अडचण त्याने दूर केली. रिठ्याला ती कधी पडलीच नव्हती. तो शब्द बाटलीवर बसून या देशी परतला, तेव्हा त्यातले चेपणे गळून गेले होते. रस्त्याकडेच्या तेलमालिशवाल्याच्या आरोळीत ‘चंपी’ तेवढी टिकून राहिली.