द काइट रनर

खालिद हुसैनी (जन्म १९६५, काबूल) यांची २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली इंग्रजी कादंबरी. १९७५ च्या हिवाळ्यात काबूलमध्ये पतंगांची स्पर्धा होते. मांजा, काटाकाटी, कटलेल्या पतंगामागची धाव हे सिल्वासाच्या वाचकाला संक्रांतीमुळे समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवशी गल्लीत आपल्या बालमित्रावर, घरगड्याच्या मुलावर, हसनवर, आसेफ या गुंडाकडून होणारा बलात्कार कथानायक अमीर लपून पाहतो आणि काढता पाय घेतो. पुढे हसन डोळ्यांसमोर नको म्हणून त्याच्या गादीखाली स्वतःच्या वाढदिवसाचे घड्याळ नि पैसे ठेवून चोरीचा आळ आणतो. भित्रेपणापेक्षा हे पाप मोठे. २००१ मध्ये तालिबानच्या काबूलमधून हसनच्या पोरक्या मुलाला सोडवणे हे अमीरचे प्रायश्चित्त. त्या मुलाचा छळ करणारा पुन्हा जुनाच गुंड आसेफ निघतो, हे मात्र लेखकाने फार सोयीचे करून घेतले आहे.