घंटा देवळांत गेल्या, गाणी गावांत राहिली

१/ डिसेंबरच्या अखेरीस श्रीवर्धनचा किनारा पर्यटकांनी फुलून जातो. ही सारी मंडळी ‘नाताळच्या सुट्टीत’ आलेली असतात. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता मोडली ती मूळच्या श्रीवर्धनच्याच भट घराण्यातील एका सेनानीने. सत्ता गेली, शब्द राहिला. नाताळचे गायनही राहिले. ते कसे, हे सांगणारा हा धागा.

२/ भट घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजी विश्वनाथ देशावर गेले आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. त्यांचे धाकटे पुत्र चिमाजी अप्पा. त्यांच्या नेतृत्वाखाली १७३७ मध्ये साष्टी-वसईची मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले.

३/ या विजयाची सर्वांत ठळक खूण म्हणजे घंटा. पोर्तुगीज चर्चांच्या मनोऱ्यांवरून उतरवलेल्या घंटा मराठी मुलखातील देवळांत पोहोचल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरावरील घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावर अशीच एक घंटा टांगलेली आहे. भीमाशंकरलाही एक आहे.

४/ घंटा उचलून नेता येते. गाणे मात्र गाणाऱ्याच्या कंठात असते, आणि गाणारे तिथेच राहिले. वसईच्या शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू दिले गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मुभा मिळाली. युरोपीय पाद्री गेले, तरी गोव्यातील देशी धर्मगुरूंनी चर्चांचा कारभार सांभाळला.

५/ श्रीवर्धनहून किनाऱ्याने उत्तरेकडे निघावे. दिघीला खाडी ओलांडावी, मुरूड आणि काशीद मागे टाकावे, की कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला दिसतो. पलीकडच्या तीरावर रेवदंडा. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजपासून घडलेली एक भाषा बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ असे म्हणतात. त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे.

६/ या भाषेतील बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठी. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद साधारणपणे कर्माच्या आधी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे शेवटी जाऊन बसते. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. या काळात कोणत्याही राजाच्या आधाराविना ही भाषा घराघरांतून तगली.

७/ मात्र या इतिहासाची दुसरी बाजू विसरता येणार नाही. हा धर्म कोकणात आला तो तोफा आणि फर्माने यांच्या सोबतीने. पोर्तुगीज अमलाखाली गोव्यात आणि साष्टीत देवळे पाडली गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. चिमाजी अप्पांच्या मोहिमेला स्थानिक प्रजेकडून जो पाठिंबा मिळाला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

८/ त्याच काळात एक वेगळा प्रयोगही झाला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. नवख्रिस्ती समाजाची मागील पिढी पुराणे ऐकत वाढली होती, हे त्याने ओळखले आणि ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत रचले. सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत.

९/ ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचे, तर ‘दुसरे पुराण’ येशूच्या जन्मापासूनचे. चर्चमध्ये जमलेल्यांसमोर या ओव्या गायल्या जात. म्हणजे बेथलेहेमची कथा मराठीत सामुदायिकपणे ऐकण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे.

१०/ आणि या परंपरेवर घाला घातला कोणी? १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनेच स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. मंगळूर परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली, आणि त्यांवरूनच जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये नवी आवृत्ती सिद्ध केली.

११/ कथा आणि गायन यांची ही गुंफण जगभर आढळते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये १९१८ पासून नाताळच्या पूर्वसंध्येला बायबलमधील नऊ वाचने आणि त्यांच्या मधोमध गीते सादर होतात. अमेरिकेतील डिस्नेलँड या करमणूक उद्यानात १९५८ पासून असाच सोहळा होतो: निवेदक जन्मकथा वाचतो आणि मेणबत्त्यांच्या प्रकाशात गायकवृंद गातो.

१२/ मराठी श्रोत्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. निरूपण, मध्येच पद, पुन्हा निरूपण, हे तर कीर्तनच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नेमके हेच हेरले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली, भजने रचली. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळक प्रोटेस्टंट, स्टीफन्स कॅथलिक. पंथ वेगळे आणि काळात तीनशे वर्षांचे अंतर, तरी दोघांचा निष्कर्ष एकच: भाव ऐकणाऱ्याच्या भाषेतच पोहोचतो.

१३/ कॅथलिक चर्चने हे अधिकृतपणे मान्य केले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२-६५). लॅटिनबरोबर लोकभाषांतील उपासनेलाही मान्यता मिळाली. कोर्लईच्या चर्चमध्येही पुढे मराठी आली. घरात ‘नौ लिंग’, वेदीसमोर मराठी. तिथल्या नाताळच्या रात्रीमागे हा सारा प्रवास आहे.

१४/ दर डिसेंबरात ‘हा सण कुणाचा?’ असा वाद रंगतो. कोकणचा इतिहास त्याचे सरळ उत्तर देतो. राजसत्तेच्या बळावर जे टिकून होते, ते १७३९-४० मध्ये गेले. जे लोकांच्या जिभेवर रुळले, ते राहिले. ते पुसण्याची गरज विजेत्यांनाही वाटली नाही.

१५/ पेशव्यांच्या मूळ गावी सुट्टीला आलेला माणूस आजही ती ‘नाताळची सुट्टी’ असेच म्हणतो. शब्द पोर्तुगीजांचा आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. तीनशे वर्षांत तो शब्द मराठी झाला आहे. (समाप्त)