हाकाऱ्याचा वाटा

सह्याद्रीत रानमेंढी नाही. पाळीव मेंढीचादेखील आमच्या महाड-पोलादपूरच्या डोंगरांत पावसाळ्यात निभाव लागत नाही. घाटमाथ्यापलीकडे माण-खटावचा धनगर शेकडो मेंढरे घेऊन हिंडतो. आमच्या बाजूचा गवळी धनगर मात्र म्हशी पाळतो. याचे कारण जातीत नाही, पावसात आहे. डोक्यावरच्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथे जे कोसळते त्यातले पुष्कळसे सावित्रीच्या खोऱ्यातही कोसळते. अशा चिखलात मेंढीचे खूर सडतात. दिवाळीनंतर काही कळप घाट उतरून कोकणात येतात, भाताच्या मोकळ्या खाचरांत बसतात आणि मृगाच्या आत परततात.

रानमेंढीचे म्हणावे असे सह्याद्रीतले एकच सोयरे, आणि तेही फार दूर, केरळ-तमिळनाडूच्या कड्यांवर. निलगिरी तार हे ते जनावर. इंग्रज शिकारी त्याला आयबेक्स म्हणत आणि रानबकऱ्यांत मोजत. २००५ साली जनुकीय तपासणी झाली तेव्हा असे दिसले की हे जनावर हिमालयातल्या तारापेक्षा मेंढ्यांना अधिक जवळचे आहे. शिकाऱ्यांनी शंभर-दीडशे वर्षे ज्याला बोकड समजून मारले तो नात्याने एडक्याचा चुलतभाऊ निघाला.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, डोंगरी शिकारीचा धडा म्हणून जगभर जो गिरवला जातो तो रानमेंढीच्या शिकारीचा आहे. लडाखची भरल, शापू, नयान यांच्यामागे जाणाऱ्या नवख्या माणसाला जुने शिकारी तीन गोष्टी शिकवीत. जनावराच्या वरच्या अंगाला राहा, कारण ते धोक्यासाठी खाली पाहते. वारा तोंडावर घे, पाठीवर नको. आणि पायांपेक्षा दुर्बीण अधिक चालव. उघड्या-बोडक्या मुलखाचे हे शास्त्र आहे. तिथे मैलभरावरचे जनावर दिसते, म्हणून माणूस जनावराकडे जातो.

आमच्याकडे हे शास्त्र पहिल्याच पावलाला अडते. जावळीच्या रानात दहा हातांवरचे भेकर दिसत नाही. दिसते ती हललेली कारवी. म्हणून इथे माणूस जनावराकडे जात नाही, जनावराला माणसाकडे आणावे लागते. यालाच हाका म्हणतात. दुर्बिणीला इथे काम नाही. काम आहे ते गळ्याला, आणि त्याहून अधिक ओळखीला: हे रान उठले तर सांबर कोणत्या खिंडीने निघेल, डुक्कर कोणत्या ओहोळाने उतरेल, याच्या ओळखीला.

पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या म्हाताऱ्याकडून मी ही विद्या ऐकली. त्याचे नाव इथे देत नाही. कायदा मागल्या गोष्टींना लागत नसला तरी म्हातारी माणसे कायद्याला भितात. त्याच्या सांगण्याप्रमाणे भात झोडून झाले की रान हाकण्याचे दिवस सुरू होत. पोर बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला हाक्याच्या रांगेत घेत, पण दोन मोठ्या माणसांच्या मध्ये. पहिल्या वर्षी त्याने काठीने झाडाचे बुंधे बडवायचे, ओरडायचे आणि रांग सोडायची नाही. रांग तुटली की जनावर तिथूनच मागे फुटते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लेंड्या, खूर, सालीवर घासलेले शिंग वाचायला शिकायचे. डुकराने उकरलेली माती ताजी की शिळी, हे बोट घालून पाहायचे. मग कुणी मोठा त्याला बंदुकीमागे नुसता बसवी. तिथली परीक्षा अवघड! ओरडण्याऐवजी गप्प राहायचे, खोकला गिळायचा, मुंगी चावली तरी हलायचे नाही. बंदूक हाती यायला कित्येक वर्षे जात, आणि पुष्कळांच्या हाती ती कधीच येत नसे. गावात ठासणीच्या बंदुका दोन किंवा तीन. दारू, काथ्याचा बोळा, गोळी, वरून गजाने ठासणी, आणि केप. एक बार चुकला की पुन्हा भरेपर्यंत जनावर दुसऱ्या शिवारात!

बंदूक नव्हती तेव्हा काय होते? जाळे होते. वाघूर हा शब्द संस्कृतातल्या वागुरेवरून आला आहे. वागुरा म्हणजे हरणे धरण्याचे जाळे. आज धनगर ज्या जाळीने मेंढरांचा वाडा करतो तिलाही वाघूर म्हणतात. ज्याने रानातले जनावर धरायचे त्यानेच घरचे जनावर राखायचे, हा प्रवास एका शब्दाने केला आहे, आणि कोशकारांपेक्षा मेंढपाळांनी तो नीट सांभाळला आहे.

लेखी पुरावा पाहू जाता मोठ्यांच्या शिकारीचाच सापडतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात मृगयेचे निरनिराळे प्रकार तपशिलाने दिले आहेत. (महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांची आवडती नोंद याच ग्रंथातली.) पुढे घाटावर साताऱ्यास छत्रपती शाहू शिकारीचे मोठे शौकीन. संगम माहुलीला त्यांच्या खंड्या कुत्र्याचे स्मारक दाखवतात. त्याने वाघापासून महाराजांना वाचवले अशी कथा आहे. कुत्र्याचे स्मारक झाले हे चांगलेच झाले. पण त्या रानांत हाके घालणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकाचेही नाव मला कुठे आढळले नाही.

अफझलखानाचा पाडाव हा एक मोठा हाकाच होता, असे आमच्याकडे व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. उपमा म्हणून ठीक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडावर तोफेची इशारत झाली आणि रानात दबा धरलेल्या मावळ्यांनी पारच्या छावणीवर झडप घातली, हे खरे. परंतु हाक्यात जनावराला उठवून बाहेर काढतात. इथे शत्रूला गोड बोलून आत आणले होते. हाक्यापेक्षा याला सापळा म्हणणे अधिक बरे. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आमच्या पोलादपुरातच दाखवतात, म्हणून हा मुद्दा येथे वारंवार निघतो. मावळे रानात वाढले होते, शिकारीनेच त्यांचे पाय आणि कान तयार झाले असतील, हे मला मान्य आहे. त्याचा कागद मात्र नाही, आणि कागद नसताना छाती फुगवून बोलणे मला आवडत नाही.

कागद सुरू होतात ते इंग्रजी अमलात, आणि ते बहुतेक मनाईचे आहेत. १८७८ साली दोन कायदे आले. एकाने हत्याराला परवाना लावला, दुसऱ्याने जंगल राखीव केले. ठाणे-कुलाब्यातली ओरड इतकी वाढली की १८८५ साली सरकारला जंगलांविषयी आयोग नेमावा लागला. कातकऱ्यांची दळीची शेती, सरपण, चराई यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्याच सुमारास, म्हणजे १८८३ साली, कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले आणि मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. साहेबाची शिकार नियतकालिकात छापून येऊ लागली. कातकऱ्याची शिकार गुन्ह्याच्या नोंदीत जाऊ लागली. दोघेही त्याच रानात फिरत होते, आणि साहेबाला वाट दाखवणारा बहुधा कातकरीच असे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९५१चा कायदा आला, मग १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातही आरंभी परवान्याची शिकार शिल्लक होती. १९९१च्या दुरुस्तीने ती गेली. कायद्याची गरज होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ठासणीच्या जागी बॅटरीचा झोत आणि जीप आल्यावर रान उरले नसते. पण आमच्याकडचा हाका कायद्याने मोडला असे जे म्हणतात ते मला पटत नाही. तो मुंबईने मोडला. हाक्याला तीस-चाळीस धडधाकट माणसे लागतात, आणि आमच्या वाड्यांतली ती माणसे फार आधीच गिरणीत आणि गोदीत गेली होती. कायदा आला तेव्हा गावात बंदूक होती, ओरडणारे नव्हते.

आता वाट्याचे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात शिकारीपेक्षा वाट्याचेच वर्णन अधिक रंगे. पहिला वाटा ग्रामदेवतेचा. ज्याचा बार लागला त्याला मुंडके किंवा एक मांडी. उरलेल्याचे सारखे वाटे, आणि त्यात बडवणाऱ्या पोराचा वाटा मोठ्या माणसाएवढाच. कुत्र्याचाही वाटा असे. गावोगाव यात थोडा फरक, पण रानात आला त्याला रिकामा पाठवायचा नाही, हे सगळीकडे सारखे. पाकिस्तानातल्या गिलगिट-बाल्टिस्तानात आज परदेशी शिकारी भरल आणि मारखोरच्या परवान्यासाठी मोठी रक्कम भरतात, आणि तिचे ऐंशी टक्के त्या खोऱ्यातल्या गावाला मिळतात. ती व्यवस्था मला सर्वस्वी आवडते असे नाही. पैशाने जनावर विकत घेण्यात कसले कसब? पण वाट्याचे तत्त्व त्यांनी ओळखले आहे.

आपल्याकडे २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे परंपरागत हक्क मान्य केले. जमीन, मध, मासे, चराई, सारे लिहून दिले. वगळला तो एकच परंपरागत हक्क: शिकारीचा आणि सापळ्याचा. वगळला हे योग्यच, असे रानाची स्थिती पाहता मलाही म्हणावे लागते. तथापि कातकऱ्याला हा एक शब्द वाचून दाखवताना मास्तराचा आवाज जरा खाली येतो.

इकडे डुकरे वाढली. माणसे गेली, वरकस जमिनी पडीक पडल्या, त्यांत झाडोरा माजला आणि डुकरांना घराशेजारी घर मिळाले. माझ्या वर्गात आश्विन-कार्तिकात दोन-तीन मुले हमखास डुलक्या घेतात. रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवलेले असतात. मी त्यांना उठवत नाही. हाक्यातले बडवणे तेवढे त्यांच्यापर्यंत आले आहे, वाटा आलेला नाही. २०१५ साली सरकारने पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरांना मारण्याची परवानगी देण्याची सोय केली. अर्ज करायचा, परवानगी घ्यायची, मग परवान्याच्या बंदुकीने मारायचे. शेतीसंरक्षणाच्या बंदुका अजून काही घरांत आहेत. निवडणूक आली की त्यांतल्या बहुतेक पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. विधानसभेच्या निवडणुका २०१४ आणि २०१९ साली ऑक्टोबरात झाल्या, २०२४ साली नोव्हेंबरात. हे दिवस भात कापणीचे.