वारा नसलेले आकाश

संक्रांतीच्या दिवशी मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या गाडीने सुरत सोडून तापीचा पूल ओलांडला, की उतराणपाठोपाठ कोसाडचे स्टेशन येते आणि आजूबाजूच्या गच्च्यांवरून उडालेल्या पतंगांनी आकाश भरून गेलेले दिसते. हाती सुरती मांजा घेतलेला प्रत्येक जण त्या दिवशी वाऱ्याची वाट पाहत असतो. आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्यातील खेळाडूला नेमके याच्या उलट हवे असते. वारा मुळीच नको, एवढेच त्याचे मागणे. हे मागणे पुरे करण्यासाठी माणसांनी कोणकोणत्या जागा धुंडाळल्या, हाच पुष्कळ अंशी त्या खेळाचा इतिहास होय.

हा खेळ म्हणजे छताखाली उडवावयाच्या नमुना-विमानांचा. त्याचे मूळ मात्र उघड्यावरच आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी आल्फॉन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्युइलरी बागेत, पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे एक लहानसे विमान उडवून दाखविले. ते अकरा सेकंद हवेत राहिले. पुढे १८७८ साली अमेरिकेत एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांसाठी पेनोच्याच धर्तीचे एक उडते खेळणे घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

अकरा सेकंदांपासून निघालेला हा प्रवास आज कोठे आला आहे? जागतिक स्पर्धेतील विमानाच्या पंखांचा विस्तार ५५ सेंटिमीटरपर्यंत असतो, आणि वजन रबर सोडून दीड ग्रॅमच्या आसपास. सांगाडा बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या काड्यांचा. पंखांवर पूर्वी जे आवरण असे, ते पाण्याच्या पृष्ठभागावर विशिष्ट द्रावण ओतून तयार केलेल्या पापुद्र्याचे, साबणाच्या फुग्यासारखे रंग दाखविणारे. अलीकडे त्याची जागा अत्यंत पातळ प्लॅस्टिकने घेतली आहे. असे विमान माणसाच्या चालीने फिरत फिरत वर चढते आणि उंच छताखाली वीस मिनिटांहून अधिक काळ तरंगते. शेजारून कोणी लगबगीने गेले तरी ते भरकटते. स्पर्धकाला सहा उड्डाणे मिळतात व त्यांतील सर्वोत्तम दोहोंच्या वेळांची बेरीज धरतात. विमान भिंतीकडे जाऊ लागले, तर दोरीला बांधलेल्या फुग्याने त्याला हळूच वळविण्याची मुभा असते.

आता प्रश्न जागेचा. इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ कार्डिंग्टन येथे वायुनौकांसाठी बांधलेले प्रचंड हँगर आहेत. त्यांपैकी एकाची लांबी ८१२ फूट आहे. ज्या आर-१०१ या वायुनौकेचे ते घर होते, ती ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी तेथून निघाली, ती हिंदुस्थानात येण्यासाठी. दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वीच फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ती कोसळली व जळाली. आतील ५४ जणांपैकी ४८ मृत्युमुखी पडले, आणि त्यांत ब्रिटनचे विमानखात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन हेही होते. त्याबरोबरच ब्रिटनचा वायुनौकांचा सारा मनसुबा संपला. पुढे १९६० नंतरच्या दशकांत त्याच छताखाली देशोदेशींचे खेळाडू आपली ग्रॅमभर वजनाची विमाने घेऊन जमू लागले. त्या काळच्या अधिक मोठ्या पंखांच्या नमुन्यांनी पाऊण तासाच्या आसपास हवेत राहण्यापर्यंत मजल मारली.

ती वायुनौका यावयाची होती कराचीला. तिच्यासाठी तेथेही एक अवाढव्य हँगर उभारण्यात आला होता आणि लोक त्याला काळा छप्रा म्हणत. १९३६ साली सिंध वेगळा होईपर्यंत कराची आणि सुरत जिल्हा ही दोन्ही मुंबई इलाख्यातच होती. म्हणजे या खेळाला साजेसे एक निर्वात आकाश आपल्याच इलाख्यात उभे होते! अपेक्षित पाहुणी तेथे कधी आलीच नाही. रिकामा हँगर पुढे मोडून टाकण्यात आला. कार्डिंग्टनचा टिकला, कराचीचा गेला. हा फरक मला तरी चटका लावून जातो.

रुमानियाने दुसरी युक्ती काढली. स्लानिक येथील मिठाच्या जुन्या खाणीत जमिनीखाली दोनशे मीटरवर ५४ मीटर उंचीची दालने आहेत. बाराही महिने सुमारे बारा अंश तापमान असते आणि वाऱ्याचा मागमूस नसतो. तेथे जागतिक स्पर्धा वारंवार भरल्या आहेत.

मात्र हँगर किंवा खाण नसेल तर हा खेळ होऊच नये, असे नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी छताच्या उंचीप्रमाणे विक्रमांचे चार वर्ग पाडले आहेत आणि पहिला वर्ग आठ मीटरांहून कमी उंचीचा आहे. तेवढे सभागृह कोणत्याही शहरात सापडेल. उद्या कोसाडच्या परिसरात कोणी अशी स्पर्धा योजिली, तर खरी अडचण उष्म्याची येईल. पत्र्याचे छप्पर उन्हाने तापले, की खालची हवा हलू लागते. तेव्हा उड्डाणे पौषातल्या भल्या पहाटे करावी लागतील आणि दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतील. आणि गर्दीने भरलेल्या त्या सभागृहात, पंखे बंदच राहतील एवढे पाहण्यासाठी, बटनांपाशी एक करारी माणूस उभा करावा लागेल.