मेंटमोर प्रासादाचा विक्रय

जुनी वास्तु विकली जाते तेव्हां भिंती व जमीन यांचें मोल ठरतें. परंतु आंतील वस्तूंचा वास्तूशीं व परस्परांशीं असलेला संबंध कोणत्याहि खरेदीखतांत नमूद होत नाहीं. तो तुटल्यानें इतिहासाची केवढी हानि होते, हें इंग्लंडांतील बकिंगहॅमशायर परगण्यांतल्या मेंटमोर टॉवर्स या प्रासादावरून दिसून येतें.

बॅरन मायर द रॉथ्सचाइल्ड यांनीं हा प्रासाद १८५२ ते १८५४ या काळांत बांधविला. १८५१ च्या लंडन-प्रदर्शनाचें स्फटिकगृह ज्यानें रचिलें, त्या जोसेफ पॅक्स्टननें आपला जामात जॉर्ज स्टोक्स याच्या साह्यानें त्याची योजना केली. बाह्यरूप सोळाव्या शतकांतील वोलाटन हॉलच्या धर्तीचें. आंत मात्र मुख्य दिवाणखान्यावर कांचेचें छत व नळांतील ऊन पाण्यानें खोल्या उबदार राखण्याची सोय. जुनें रूप व नवें यंत्र यांचा असा मेळ व्हिक्टोरिया राणीच्या काळाचें लक्षणच होय. पुढें मायर यांची कन्या हॅना हिच्या विवाहानें प्रासाद रोझबेरी घराण्याकडे आला.

सहावे अर्ल ऑफ रोझबेरी १९७४ सालीं वारले. वारसा-कराच्या प्रसंगीं वाडा व संग्रह मिळून सुमारें २० लक्ष पौंडांस सरकारास देऊं केला असतां तो स्वीकारला गेला नाहीं. १९७७ च्या मे महिन्यांत सदबीज् पेढीनें लिलाव केला. ६० लक्षांहून अधिक पौंड आले व संग्रह दिगंतरास गेला. यादीचे पांच खंड छापले होते. तरीहि फ्रागोनारचें एक चित्र व्हान लू याच्या नांवावर नोंदलें जाऊन ८ हजार पौंडांस गेलें. त्याचा खरा कर्ता ओळखला गेल्यावर १९७८ सालीं लंडनच्या नॅशनल गॅलरीस तेंच चित्र कितीतरी पट मोल देऊन घ्यावें लागलें. रिकामा प्रासाद महर्षि महेश योगी यांच्या संप्रदायानें विकत घेतला.

या प्रकरणानें झालेला लोकक्षोभ १९८० सालीं राष्ट्रीय वारसा स्मारक निधि स्थापन होण्यास कारण झाला. त्याच निधीच्या मोठ्या साह्यानें २००२ सालीं ब्रिस्टलजवळील टिंट्सफील्ड हा व्हिक्टोरियाकालीन प्रासाद सामानासह नॅशनल ट्रस्टच्या हातीं अखंड आला.

आपल्याकडील दप्तरांसहि हाच न्याय लागू आहे. रुमाल सोडून सुटे कागद विकले गेले, म्हणजे प्रत्येक कागद वांचतो, पण दप्तर मरतें. म्हणून संग्राहकांनीं कागद हालविण्यापूर्वीं कोणता कागद कोणत्या रुमालांत, कोणाच्या घरीं व कोणत्या क्रमानें होता याची यादी अवश्य करावी. वस्तु परत विकत घेतां येते; विस्कटलेला क्रम परत मिळत नाहीं.