रूळ गेले, सपाटी राहिली

ब्रिस्टलहून बाथला सायकलनं गेलात, तर तेरा मैलांत फारशी धाप लागत नाही. श्रेय तुमच्या पायांचं नाही, जुन्या रेल्वेचं. जड गाडी ओढायची तर चढ सौम्यच हवा. (आपल्या खंडाळ्याच्या घाटातला ३७ला १ चढ आठवा, इंजिनांचा काय जीव जायचा!)

१९६३च्या बीचिंग अहवालानं देशभरातली २,३६३ स्थानकं बंद करायला सुचवलं. या मार्गावरची प्रवासी गाडी १९६६ साली थांबली. मग १९७७मध्ये ब्रिस्टलच्या सायकलप्रेमींनी ‘सायकलबॅग’ हा गट काढला. पुढे तोच ‘सस्ट्रान्स’ झाला. १९७९मध्ये स्वयंसेवकांनी बाथच्या बाजूनं काम सुरू केलं. १९८६ला वाट पूर्ण झाली.

खरा पेच २००८चा. वाटेच्या काही भागावरून बस न्यायचा बेत निघाला आणि लोकांच्या विरोधामुळे बारगळला. मला दोन्ही बाजू पटतात. झाडं हवीत, पण ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं १९६६नंतर काय करायचं, हे कुणी विचारलं होतं?

जाताना बिटनला थांबा. तिथे हौशी मंडळींनी जपलेली वाफेची गाडी वाटेशेजारून धावते. तिकीट काढा, थोडं फिरवून ती तुम्हाला पुन्हा बिटनलाच आणून सोडेल.